सातबाऱ्यावर नाव नसलेली

आपल्या जिल्ह्यात नवा विमानतळ होणार म्हटले की शहरातल्या माणसाला बरे वाटते. पुणेकरांचे तर चुकतही नाही. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथे प्रवासी विमानांना मिळणारी जागा आणि वेळ दोन्ही मोजके. नवा हवा, हे कुणीही मान्य करील. प्रश्न उरतो तो कुणाच्या जमिनीवर, आणि कुणाला विचारून, एवढाच.

विमानतळाला विरोध करणारे म्हणजे अडाणी, प्रगतीच्या आड येणारे लोक, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत बॉस्टनजवळ हॅन्सकॉम नावाचा विमानतळ आहे. श्रीमंतांची खासगी जेट विमाने ठेवायला तिथे मोठे हँगर बांधायची योजना 2023 मध्ये पुढे आली, आणि कॉन्कर्ड, लेक्सिंग्टन, लिंकन, बेडफर्ड ही आजूबाजूची चारही गावे खवळून उठली. यातल्या कॉन्कर्डमध्येच वॉल्डनचे तळे आहे. ज्याच्या सविनय कायदेभंगाच्या विचारांनी गांधीजी प्रभावित झाले, तो थोरो तिथेच राहिला. या गावकऱ्यांची घरे जाणार नव्हती, शेते जाणार नव्हती. गोंगाट वाढेल, हवा बिघडेल, आणि हे सारे मूठभर लोकांच्या चैनीसाठी, हे त्यांना मान्य नव्हते. जून 2024 मध्ये त्या राज्याच्या पर्यावरण खात्याने विकासकांचा अहवाल अपुरा ठरवून परत पाठवला. झोप मोडेल म्हणून तक्रार करणाऱ्यांचेही तिथे इतके ऐकून घेतले गेले.

आता आपल्या पुरंदरकडे या. इथे झोपेचा नाही, सबंध जमिनीचाच प्रश्न आहे. हा विमानतळ खासगी जेटवाल्यांसाठी नाही, सर्व प्रवाशांसाठी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ज्या सात गावांच्या जमिनी यात जाणार असे ठरले, त्या पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडीतल्या किती बायकांनी विमान आतून पाहिले असेल?

पुरंदर हा तसा कमी पावसाचा तालुका. माणसांनी विहिरी खणून, पुढे उपसा योजनेचे पाणी आणून तो हिरवा केला. इथल्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सीताफळाच्या दिवसांत सासवडच्या बाजारात पाट्यांच्या रांगा लागतात. ही दोन्ही फळे नाजूक. अंजीर तर हाताळण्यात जरा चूक झाली की डागाळते. तोडणी, निवड, पाटीत पाला घालून थर लावणे, यातले बरेचसे काम बायकांच्याच हातचे. बागेतले कोणते झाड आधी पिकते आणि कोणते खोडसाळ, हे घरधन्यापेक्षा त्याच जास्त जाणतात.

आणि नेमका योगायोग असा, की 2016 मध्येच या भागात विमानतळ होणार असे जाहीर झाले. मध्येच जागा बदलायचे ठरले, संरक्षण खात्याने ती नाकारली, आणि गाडे पुन्हा जुन्या जागेवर आले. इतकी वर्षे टांगती तलवार! नवी बाग लावावी की नाही, विहिरीला कर्ज काढावे की नाही, घरावर स्लॅब घालावा की नाही. प्रत्येक घरात हीच चर्चा. सरकारी कागदात या वर्षांची भरपाई कुठल्या रकान्यात धरतात, ते काही मला सापडले नाही.

3 मे 2025 रोजी ड्रोनने मोजणी करायला अधिकारी आले तेव्हा गावकरी आडवे झाले. बायका पुढे होत्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. त्यानंतर सरकारने क्षेत्र सुमारे 2,673 हेक्टरवरून 1,285 हेक्टरपर्यंत खाली आणले, म्हणजे निम्म्याहूनही कमी केले. विरोध केला नसता तर हे झाले असते का? पुढे बऱ्याच खातेदारांनी संमतीपत्रेही दिली. कुणी विकसित भूखंडाच्या आशेने दिली असतील, कुणी थकून.

खातेदारांनी दिली. माझे बोट नेमके या शब्दावर आहे. संमती घेतात ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याची. विधवेचे नाव असते, वारसाने आलेल्या लेकीबाळींचे असते. पण नवरा हयात असताना बायकोचे नाव बहुधा नसतेच. मोजणीच्या दिवशी उन्हात उभी राहिलेली बाई कागदावर कुणीच नाही! पैसे येतात ते नवऱ्याच्या खात्यात. जमीन असते तेव्हा ती निदान रोज डोळ्यांसमोर असते. पैसा मात्र गाडीत, बंगल्यात, मुलाच्या धंद्यात कधी विरून जातो ते घरातल्या बाईला शेवटी कळते. आणि बहिणींचे काय? महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. तरी माहेर तुटू नये म्हणून किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, हे आपल्या वाचक भगिनींना मी सांगायला नको.

या सात गावांतल्या खानवडीशी महात्मा फुल्यांच्या घराण्याचे नाते आहे. त्यांचे पूर्वज इथे वस्तीला होते. शेतकऱ्याच्या घरात सरकारी कागद कसा शिरतो आणि काय करतो, हे जोतीरावांनी 1883 मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले. त्यांच्याच गावाच्या जमिनीसाठी 2013 चा भूसंपादन कायदा बाजूला ठेवून 1961 चा औद्योगिक विकासाचा कायदा वापरला गेला. 2013 च्या कायद्यात प्रकल्पाचा माणसांवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास करण्याची तरतूद आहे. ती झाली असती, तर निदान कुणीतरी चुलीपाशी जाऊन विचारले असते.

मग काय करायचे? ज्यांच्या गावात आज विमानतळ, महामार्ग, धरण असे काहीच येत नाही, त्यांनी आधी आपला सातबारा पाहावा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, आणि 1992 मध्ये सरकारनेही तशी योजना काढली. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. अर्ज मात्र नवऱ्यालाच करावा लागतो.