एका वाईट सामन्यावरून खेळाडू जोखू नका

गोंदियाजवळचे फुलचूर असो की पुणे, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात असा एक खेळाडू असतोच. परवा त्याने एकहाती सामना जिंकून दिला, आज त्याचा साधा फ्री थ्रोही जात नाही. प्रशिक्षक त्याला सगळ्यांसमोर झापतात. पुढच्या सामन्यात तो बरा खेळतो आणि ‘ओरडल्याशिवाय हा सुधारत नाही’ हा समज पक्का होतो.

गणित मात्र वेगळे सांगते. सरासरी दोनपैकी एक फ्री थ्रो साधणारा खेळाडू रोज दहा थ्रो टाकत असेल, तर केवळ योगायोगाने साधारण सहा दिवसांतून एकदा त्याचे तीन किंवा त्याहून कमी जातील. तितक्याच वेळा सात किंवा अधिक जातील. कौशल्य तेच असते. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा सरासरीकडे परततो, कोणी ओरडो वा न ओरडो. इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांमध्ये हाच गैरसमज मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांना आढळला होता. त्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याचे उदाहरण बोलके आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. १०.९ पैकी केवळ ७.६ गुणांचा एक नेम लागला आणि तो चौथ्या स्थानी घसरला. त्या एका नेमावरून ‘दडपण झेपत नाही’ असा शिक्का मारणे सोपे होते. पण दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिम्पियन प्रशिक्षकांचे मार्गदर्शन त्याला वर्षानुवर्षे लाभले. त्यांना तो दुसरी आई मानतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांसह त्याने कांस्य जिंकले. अंतिम फेरीत आपण गुणफलकाकडे पाहिलेच नाही, असे त्याने नंतर सांगितले.

लक्ष निकालावरून कृतीवर आणणे, हे प्रशिक्षकाचे खरे काम. ‘आज हरवलेस’ याऐवजी ‘थ्रोच्या आधी थांब, श्वास सोड, मग टाक’ अशी सूचना खेळाडूच्या हाती काहीतरी देते. नोंद एका सामन्याची नको, निदान दहा सामन्यांची हवी.

घसरण लांबली तर मात्र तो योगायोग समजू नये. झोप, जेवण, दुखापत, परीक्षेचा ताण यांची आधी चौकशी व्हावी. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक लक्षणीय आहेत. रक्तक्षयामुळे खेळाडू लवकर दमतो. वाहकाला एरवी त्रास नसला, तरी कडक उन्हात शिक्षा म्हणून काढलेल्या फेऱ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. त्यामुळे हंगामाआधी हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणी करून घ्यावी. ज्याला आळशी म्हणून बाकावर बसवले, तो कदाचित आजारी असेल.