दारुकावनातले गाव

बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश हा दारुकावनात आहे, असे आमच्या आईने लहानपणीच मजकडून घोकून घेतले होते. पुढे एकदा हे शेजारच्या गृहस्थांना सांगितले, तर त्यांचे कान एकदम टवकारले. ‘दारु म्हणजे लाकूड हो, देवदारातला दारु!’ असा खुलासा केल्यावर बिचारे हिरमुसले.

आईचे माहेर औंढ्याजवळचे. तेव्हा नागनाथ औंढ्याचाच, हा निकाल तिच्यापुरता केव्हाच लागलेला. पण गुजरातेतले लोक द्वारकेजवळच्या नागेश्वराचे नाव सांगतात आणि कुमाऊंतले लोक जागेश्वराचे. हा तिसरा दावेदार पाहावा, म्हणून आम्ही उभयता निघालो. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे अल्मोड्यावरून मोटार.

अल्मोड्यापासून जागेश्वर सुमारे ३५ किलोमीटर. आरतोल्याला मोठा रस्ता सोडला, की शेवटचे तीनेक किलोमीटर देवदारांतून जावे लागते. समोरून बस आली आणि आमची मोटार एका बुंध्याला खेटून अर्धा तास खोळंबली. मी चिडून म्हणालो, ‘रस्ता जरा रुंद करायला यांचे काय जाते?’ ही काही बोलली नाही. मान वर करून ती झाडाचा शेंडा शोधत होती.

गाव ते केवढे! एक अरुंद दरी, तळाशी जटागंगेचा ओहोळ, काठाला सातव्या शतकापासून पुढे बांधली गेलेली लहानमोठी सव्वाशेच्या आसपास दगडी देवळे, आणि त्यांच्या आधाराने राहिलेली काही घरे नि चहाची दुकाने. बाकी सगळा देवदार. देवळांची शिखरे उंच खरी. पण त्या झाडांपुढे ती खाली बसलेल्या माणसांसारखी दिसतात. ऊन दरीत उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते.

चहावाल्या म्हाताऱ्याजवळ मी रस्त्याचे गाऱ्हाणे पुन्हा काढले. तो शांतपणे म्हणाला, ‘बाबूजी, तुमच्यासाठीच रुंद करणार होते.’

मग सारे कळले. यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून या तीन किलोमीटरांतले हजारभर देवदार तोडण्यासाठी नेमले गेले होते. हे वनच आमचे दैवत, म्हणून गावकरी आडवे आले, आणि मार्च २०२४ मध्ये सरकारला फेरविचार करावा लागला.

‘पण रस्ता झाला असता, तर तुमचेही गिऱ्हाईक वाढले असते,’ मी म्हणालो.

‘वाढले असते,’ तो म्हणाला. ‘पण ही झाडे माझ्या आजोबांनीही एवढीच मोठी पाहिली होती.’

यावर मी काय बोलणार? दुसरा चहा मागवला.

देवदाराचे फळ पिकले, की झाडावरच पाकळी पाकळी होऊन गळते. शेंडा तेवढा अखंड खाली पडतो. हुबेहूब लाकडाचा गुलाब! तसा एक हिने उचलून आणला आणि आईच्या हातावर ठेवला. आईने तो उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला.

‘औंढ्याला असले झाड काही मी पाहिले नाही,’ ती म्हणाली.

नागनाथ औंढ्याचाच, हे तिचे मत अजून कायम आहे. पण ते लाकडी फूल देव्हाऱ्यात आहे, आणि लक्ष्मीपूजनाची पहिली पणती यंदा तिने त्याच्याशेजारी लावायची ठरवली आहे.