उत्तर मिळाले, पुढे काय?

२०२० सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्याच दिवशी, मुक्त स्रोताच्या आज्ञावल्या विनामूल्य सांभाळणाऱ्या जगभरातील मंडळींपुढे एक विचित्र संकट उभे राहिले. डिजिटलओशन या अमेरिकी कंपनीने २०१४ साली एक उपक्रम सुरू केला होता. मुक्त प्रकल्पांना चार सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, असे त्याचे त्या वर्षीचे स्वरूप होते. हेतू चांगलाच होता. नवशिक्या प्रोग्रामरला या सार्वजनिक कामाची गोडी लागावी, एवढीच अपेक्षा. प्रत्यक्षात मात्र सुधारणांच्या नावाखाली निरर्थक बदलांचा ढीग येऊन पडला. कोणी माहितीपत्रकात ‘हा प्रकल्प फार छान आहे’ असे वाक्य घुसडले, कोणी एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे केला. हा टी-शर्ट कसा पटकवावा हे दाखविणारी एक भारतीय चित्रफीत तेव्हा लोकप्रिय झाली होती आणि ढीग रचणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी ठळकपणे दिसत होते. नोकरी-धंदा सांभाळून फावल्या वेळात हे काम करणाऱ्यांचे दिवसच्या दिवस केर काढण्यात गेले. अखेर दोन-तीन दिवसांतच आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून इच्छा नोंदविली असेल तेथीलच सुधारणा मोजल्या जाऊ लागल्या.

एकदा घडले, विसरून जावे, असेही म्हणता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्स्प्रेस’ या, असंख्य संकेतस्थळांच्या मागे चालणाऱ्या आज्ञावलीच्या वाट्याला तेच आले. सुधारणा कशी पाठवावी हे शिकविणाऱ्या एका भारतीय पाठात प्रात्यक्षिकासाठी याच प्रकल्पाचे नाव घेतले गेले आणि शिकणाऱ्यांनी त्याच्या माहितीपत्रकात स्वतःची नावे घालून ती खरोखरच पाठवून दिली. सिंहगडाच्या तटावर खडूने नाव लिहून येणाऱ्या सहलकऱ्यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

ही मुले दुष्ट खासच नव्हती. आपण कोणाच्या अंगणात शिरलो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या घराघरांतून मुलाला संगणक अभियंता करण्यासाठी शिकवण्या लावल्या जातात, कर्जे काढली जातात, पुढे पॅकेजची चर्चा होते. परंतु हे शास्त्र ज्या सार्वजनिक चर्चेवर उभे आहे, तिची ओळख ना महाविद्यालयात होते ना घरी.

ही चर्चा जुनी आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ साली ‘यूजनेट’ची कल्पना मांडली आणि विद्यापीठाविद्यापीठांतील संगणकांवरून प्रश्नोत्तरांची देवघेव सुरू झाली. याच यूजनेटवर २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिले, की आपण एक कार्यप्रणाली तयार करीत आहोत, हा केवळ छंद आहे, तिच्यात काय असावे असे तुम्हांस वाटते? आज लिनक्स म्हणून ओळखली जाणारी ती प्रणाली जगातील पहिल्या ५०० महासंगणकांवर आणि खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये चालते. तिचा जन्म अशा जाहीर विचारणेतून झाला आणि पहिल्या दिवसापासून अनोळखी माणसांनी तिच्यातल्या चुका दाखविल्या.

पुढे २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ सुरू केले. तेथे आजवर दोन कोटींहून अधिक प्रश्न विचारले गेले आहेत. हिंजवडीतला अभियंता असो वा व्हाइटफील्डमधला, अडचण आली की त्याचे पाऊल तिकडे वळत असे. उत्तर उचलायचे, चिकटवायचे आणि पुढे जायचे! हे उत्तर कोण्या देशातल्या कोणी रात्री जागून, एक पैसाही न घेता लिहिले आहे, हा विचार कितीजणांच्या मनाला शिवत असेल?

मागण्याचीही एक रीत असते. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ पासून प्रसृत केलेले, प्रश्न कसा विचारावा यासंबंधीचे टिपण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्याचे सार कोणाही विचारी माणसाला पटेल असेच आहे. आधी स्वतः शोधावे, माहितीपुस्तिका वाचावी. मग काय करावयाचे होते, काय केले आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. यंत्राने दाखविलेला चुकीचा संदेश जसाच्या तसा द्यावा, आपल्या शब्दांत नव्हे. ‘अर्जंट’ असे लिहू नये, कारण घाई विचारणाऱ्याची असते, उत्तर देणाऱ्याची नसते. परीक्षेचा गृहपाठ दुसऱ्याकडून करवून घेऊ नये. सहाशे ओळींची आज्ञावली जशीच्या तशी अंगावर टाकण्याऐवजी, दोष ज्यात दिसतो असा दहा-पंधरा ओळींचा, चालवून पाहता येणारा नमुना काढावा. गंमत अशी की, हा नमुना काढता काढताच निम्म्या वेळा दोष सापडतो आणि प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

सर्वांत उपेक्षित राहते ती शेवटची पायरी. अडचण सुटली की ती कशी सुटली, हे तेथेच लिहून ठेवावे. अनेक वर्षांपूर्वीचा, तंतोतंत आपल्याच अडचणीचा प्रश्न सापडावा आणि त्याखाली विचारणाऱ्यानेच ‘झाले, धन्यवाद’ एवढेच लिहिलेले असावे, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. त्याची अडचण मिटली, पण मागून येणाऱ्या शंभरांची तशीच राहिली.

अर्थात या मंडळींचेही सारेच वंदनीय आहे असे नव्हे. नवशिक्याला तुच्छतेने झिडकारण्याची खोड तेथे मुरलेली आहे. आपले संकेतस्थळ नवख्यांचे स्वागत करीत नाही, अशी कबुली स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनी २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीरपणे दिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या शिवराळ पत्रांबद्दल माफी मागून काही काळ काम थांबविले. मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजी जेमतेम असलेला सोलापूर-नांदेडचा मुलगा अशा ठिकाणी तोंड उघडायला कचरतो, याचे नवल नाही. त्याने मोठ्या बाजारात जाण्याऐवजी, आपण रोज वापरतो त्या साधनाभोवती जमलेला लहान गट शोधावा. महिनाभर नुसते वाचावे. कोण नेमके बोलतो, कोणत्या प्रश्नाला मान मिळतो, हे समजते. मग एखाद्या माहितीपुस्तिकेतली चूक दुरुस्त करून पाठवावी. पुण्या-मुंबईत पायथॉनचे, लिनक्सचे गट आहेत, ‘पायकॉन इंडिया’ची संमेलने २००९ पासून भरत आली आहेत. तेथे समोरासमोर भेटलेला माणूस पडद्यावर तितकासा उग्र वाटत नाही.

‘आता हे कशाला? यंत्रच उत्तर देते’, असे तरुण म्हणतील. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. त्याची उत्तरे वाचायला खरी वाटतात आणि फार वेळा चुकीची निघतात, म्हणून स्टॅक ओव्हरफ्लोने आठवड्याच्या आतच त्यांना बंदी घातली. तरी लोक तिकडे वळलेच आणि येथील नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. परंतु ही यंत्रे शिकली कोठून? ज्या सार्वजनिक विहिरीतून सारे पाणी भरीत होते, तिलाच पंप बसविला गेला. २०२४ च्या मे महिन्यात या संकेतस्थळाने ओपनएआय कंपनीशी करार केला, तेव्हा काही जुन्या उत्तरकर्त्यांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसावयास घेतली आणि त्यांची खाती निलंबित झाली. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, पण पुसलेल्या उत्तराचा फटका कंपनीपेक्षा विद्यार्थ्यालाच अधिक बसतो. उद्या नवी संगणकभाषा येईल, तिच्यातील नवे दोष येतील. ते पहिल्यांदा कोणा माणसालाच सापडणार. त्याने ते लिहून ठेवले नाहीत तर यंत्राला तरी कोठून कळावेत?

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या इंग्रजीखेरीज चार भाषांत शाखा निघाल्या: पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश. आयटीचा एवढा डंका पिटणाऱ्या या देशातील एकही भाषा त्यांत नाही. आणि लिहिणारे बसले की काय होते, याचे उदाहरण मराठीच्या वर्णमालेतच आहे. ‘ॲटवुड’मधला ‘ॲ’ युनिकोडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्हता. हिंदीच्या सोयीचा ‘ऍ’ तेवढा होता. २००८ साली, ५.१ व्या आवृत्तीत, मराठीच्या वापरासाठी त्याला स्वतंत्र जागा मिळाली. अशी भर आपोआप पडत नाही. पुरावे जोडून प्रस्ताव लिहावा लागतो, शंकांना उत्तरे द्यावी लागतात, पुन्हा लिहावे लागते. आज फोनवर मुलीला ‘ॲडमिशन’ची बातमी कळविणाऱ्या आजोबांच्या बोटाखाली ते अक्षर निमूटपणे उमटते.