अर्जातला कोरा रकाना

परवा रात्री साडेदहाला बेल वाजली. एवढ्या रात्री कोण, म्हणून दार उघडलं तर माझी भाचेसून, काखेत लॅपटॉप घेऊन उभी. मानपाडा रोडला आमच्या इमारती समोरासमोरच आहेत. मुलाला झोपवून, ओटा आवरून ती आली होती. "मावशी, एकच विचारायचंय. इथे काय लिहू?"

स्क्रीनवर सरकारी अर्ज होता. पदव्या, टक्के, पीएचडीच्या प्रबंधाचा विषय, सगळं भरलेलं. एकच रकाना कोरा होता. कामात पडलेला खंड आणि त्याचं कारण. खंड पाच वर्षांचा. कारणं आम्हा दोघींना तोंडपाठ. लग्न, कोल्हापूरहून डोंबिवलीला येणं, बाळंतपण, मग सासूबाईंच्या, म्हणजे माझ्याच बहिणीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मुलाची बालवाडी. हे सगळं दिल्लीच्या तज्ज्ञांच्या समितीला कोणत्या शब्दांत सांगायचं, हा तिचा प्रश्न होता.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरात एम.एस्सी., पीएचडीची सर्टिफिकेटं कपाटातल्या फाइलमध्ये पडून आहेत? मी स्वतः त्यातलीच. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी गेली कित्येक वर्षं घरी अकरावी-बारावीचे क्लास घेते. म्हणून आज हा विषय. सरकारकडे संशोधनासाठी पैसे मागायचे म्हणजे नेमकं काय करायचं, आणि हे पैसे आपल्यासारख्यांपर्यंत पोचतात का?

आधी तिचा विषय सांगते. मटेरियल सायन्स. नाव मोठं वाटतं, पण गोष्ट घरातलीच आहे. तवा नॉनस्टिक का होतो, स्टीलचं भांडं गंजत का नाही, मोबाइलची बॅटरी दोन वर्षांत का दमते, हे सगळं या शास्त्रात येतं. पदार्थ आतून कसा रचलेला आहे ते बघायचं आणि ती रचना बदलून त्याच्याकडून नवं काम करून घ्यायचं. भाचेसुनेने शिवाजी विद्यापीठात काचेवर अतिशय पातळ थर बसवण्याचं काम केलं. चंचुपात्रातल्या द्रावणात काचेची पट्टी बुडवून ठेवायची आणि थर हळूहळू धरू द्यायचा. महागडी यंत्रं नसतानाही होणारी ही पद्धत. कोल्हापूरने या स्वस्त पद्धतीत नाव कमावलं ते त्यामुळेच. आता तिला टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असा बसवायचाय, की उजेड पडला की पाण्यातला कापडाचा रंग तुटून जावा. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच.

डोंबिवलीकरांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे एमआयडीसीच्या नाल्यांचे रंग बघतच मुलं मोठी होतात. २०१६ च्या मे महिन्यात कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या बाल्कनीची काच घरभर पसरली होती. २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. रसायनांच्या शेजारी राहणाऱ्या गावातून एखादी मुलगी म्हणते, की या पाण्यावर मी काम करते, तेव्हा तिला प्रयोगशाळा मिळावी असं वाटणं यात मावशीचा स्वार्थ फारसा नाही.

पैसे कसे मिळतात ते आता बघू. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खास महिला शास्त्रज्ञांसाठी योजना सुरू केली. घरामुळे संशोधन सुटलेल्या बायकांनी परत यावं हाच तिचा हेतू. पुढे तिची नावं बदलली, आता 'वाइज-किरण' या छत्राखाली पीएचडीसाठी वेगळी आणि पीएचडीनंतरची वेगळी अशा योजना आहेत. म्हणजे ज्या खंडाची आपण लाज बाळगतो, त्या खंडासाठीच ही योजना आहे. हे माहीत नसल्यामुळे अनेकजणी अर्जच करत नाहीत.

अर्जात मुख्य असतो प्रस्ताव. प्रश्न काय, आतापर्यंत कोणी काय केलं, मी नवं काय करणार, तीन वर्षांत कोणत्या महिन्यात काय होणार. मग खर्चाचे रकाने: रसायनं, किरकोळ खर्च, प्रवास, उपकरण, संस्थेचा वाटा. इथे आपण बायका खरं तर पुढे असायला हव्यात. महिन्याचं रेशन, दूध, फी आणि अचानक आलेले पाहुणे एका पगारात बसवणारीला बजेट काय शिकवायचं? पण भाचेसुनेने काय केलं, तर सगळे आकडे कमी कमी धरले. "कमी मागितले तर लवकर देतील ना?" मी म्हटलं, अगं, ही भाजीवाली नाही. नमुने तपासायचे पैसे धरले नाहीस तर परीक्षक म्हणेल, हिला कामाचा अंदाजच नाही.

नमुने तपासण्याचं एक मात्र चांगलं आहे. थर खरंच बसला का, हे बघायला एक्स-रे लागतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. ही यंत्रं छोट्या कॉलेजात कुठून असणार? पण पवईच्या आयआयटीत बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देणारं केंद्र आहे. २०२० पासून 'आय-स्टेम' नावाच्या सरकारी पोर्टलवर देशभरातली अशी उपकरणं शोधता येतात. डोंबिवलीहून पवई काही लांब नाही.

आणि छोट्या गावात असं काम होतच नाही, असंही नाही. आपल्या कल्याणच्या बिर्ला कॉलेजात डॉ. महेश्वर शेरॉन आणि डॉ. माधुरी शेरॉन यांनी नॅनो कार्बनवर काम केलं. कापूर, वनस्पतींची तेलं अशा साध्या गोष्टींपासून अतिसूक्ष्म कार्बन तयार करायचा हा त्यांचा ध्यास. पुढे अंबरनाथच्या कॉलेजातही त्यांनी केंद्र चालवलं. देव्हाऱ्यातल्या कापरापासून नॅनोट्यूब! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्लासमधल्या मुलांना लगेच सांगितलं होतं.

मग अडतं कुठे? माझं सांगते. २०१६ च्या स्फोटानंतर मीही एक प्रस्ताव लिहिला होता. वयाच्या अटीत बसत होते, विषय हाच, पाण्यातला रंग. पण अर्ज बाईच्या एकटीच्या नावावर जात नाही. एखाद्या संस्थेने लिहून द्यावं लागतं, की आम्ही हिला जागा देऊ, हिशेब सांभाळू. मी एका कॉलेजात गेले. साहेब चांगले बोलले, चहा पाजला. "मॅडम, विषय उत्तम आहे. पण दर वर्षी खर्चाचं प्रमाणपत्र कोण देणार? ऑडिट कोण बघणार? आमच्याकडे क्लार्क एक." पुढच्या सोमवारी या म्हणाले. असे चार सोमवार गेले. शेवटची तारीख उलटली. नाही असं कुणी म्हटलंच नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेही कळलं नाही. ती फाइल आजही माझ्याकडे आहे.

यात त्या साहेबांचाच दोष होता असं आता मला वाटत नाही. सरकारी पैशाची पद्धतच तशी आहे. दर वर्षी उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. हप्ता उशिरा आला की रसायनं उधारीवर आणि सहायकाचा पगार लटकलेला. मोठ्या संस्थेत यासाठी वेगळं ऑफिस असतं, छोट्या कॉलेजात हे सगळं एका क्लार्कच्या टेबलावर येतं. त्यामुळे कॉलेजला अनुदान म्हणजे मान कमी आणि डोकेदुखी जास्त वाटते.

आता गेल्या काही वर्षांत काय बदललं ते बघू, कारण बातम्यांत आकडे मोठे येतात. २०२३ मध्ये संसदेने 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'चा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी, असं सांगितलं गेलं. पण त्यात सरकारचे १४ हजार कोटी, बाकीचे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे. कायदा आला तेव्हाच हेही पुढे आलं, की आधीच्या मंडळाचा सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींकडे जात होता आणि राज्य विद्यापीठांना ११ टक्क्यांच्या आसपास मिळत होता. आपली बहुतेक मुलं-मुली शिकतात कुठे? राज्य विद्यापीठांच्या कॉलेजांत. पंगतीत ज्याच्या पानात आधीच लाडू, त्यालाच पुन्हा आग्रह, तसं झालं हे. मोठ्या संस्थेने छोट्या विद्यापीठांना सोबत घेऊन काम करायचं, अशी योजना या नव्या संस्थेने आणली आहे. ती नुसती कागदावर जोडी लावून न थांबता छोट्यांच्या हातात खरंच पैसे देते का, हे बघायला हवं.

दुसरा आकडा एक लाख कोटींचा. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला संशोधन आणि नवोपक्रम निधी. ऐकून भाचेसून खूश झाली होती. पण हा पैसा मुख्यतः खासगी कंपन्यांना, कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जासारखा मिळणार आहे, आणि तोही प्रयोगशाळेतून बऱ्यापैकी पुढे आलेल्या तंत्रज्ञानाला. काचेच्या पट्टीवर पहिला थर बसवणारीला त्याचा थेट उपयोग नाही.

काही गोष्टी सुधारल्या, हेही सांगायला हवं. जुलै २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत काढली गेली आणि बरीच उपकरणं १८ टक्क्यांत गेली. त्यावर बरीच ओरड झाली. संशोधन अनुदानावरच जीएसटीच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने अनुदानाला सूट दिली. जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर आली. छोट्या प्रयोगशाळेला हा शेवटचा बदल एक लाख कोटींपेक्षा जास्त उपयोगाचा, असं माझं मत.

सगळ्याच्या मुळाशी मात्र एक आकडा आहे. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, असा २०२०-२१ चा सरकारी हिशेब. चीन दोन टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया चारच्या वर. घरात दूधच अर्धा लिटर येत असेल तर कोणाच्या वाट्याला किती, हे भांडण कधी मिटणार? आणि अशा घरात शेवटी कोण जेवतं, ते तुम्हाला माहीत आहेच. तरी बायकांसाठी दार उघडलं की फरक पडतो. बाहेरून निधी मिळणाऱ्या संशोधन प्रकल्पांत बायकांचा वाटा २०००-०१ मध्ये १३ टक्के होता, २०१६-१७ मध्ये तो २४ टक्के झाला. वेगळ्या योजना केल्या म्हणूनच हे झालं.

कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, अटींवर का होईना आत शिरल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या. आज कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. आज "पुढच्या सोमवारी या" म्हणतात. त्याला तोंड देणं जरा जास्तच अवघड.

म्हणून तुमच्या घरातली मुलगी किंवा सून असा अर्ज करणार असेल तर अनुभवाचं सांगते. प्रस्ताव लिहिण्याआधी संस्था पक्की करा, तारखेआधी दोन महिने तरी. हिशेब बघणाऱ्या क्लार्कशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, प्राचार्यांइतकाच तो महत्त्वाचा. आकडे उगाच कमी धरू नका. पहिला अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांनी काय म्हटलंय ते मिळवा आणि पुन्हा भरा. आणि तिच्या मुलाला आठवड्यातले चार तास सांभाळायला कोण येणार, हे घरात बसून ठरवा. हा रकाना अर्जात नसतो, पण सगळं त्याच्यावरच अडतं.

त्या रात्री भाचेसुनेने आधी लिहिलं होतं, "कौटुंबिक अडचणींमुळे दुर्दैवाने संशोधन थांबवावे लागले." मी म्हटलं, दुर्दैवाने काढ. मूल झालं यात दुर्दैव कसलं? मग तिने सरळ लिहिलं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, मुलाचं संगोपन आणि घरातल्या आजारी व्यक्तीची काळजी. एक ओळ. बारा वाजले होते. खालच्या रस्त्यावर शेवटच्या रिक्षा स्टेशनकडे चालल्या होत्या.

आता कॉलेजची सही बाकी आहे. त्यांनी सोमवारी बोलावलंय. मी क्लासला सुट्टी दिलीये. सोबत मीही जाणार आहे.