इज्जतीचा कागद

आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते. "पोरीची तपासणी करू नका, तिची इज्जत दुसऱ्यांदा जाईल." हे वाक्य गुंड बोलत नाहीत. नमाज-रोज्याची पाबंदी करणारे, मुलींच्या शाळेला चंदा देणारे, खरोखर भले लोक बोलतात. म्हणून त्याला उत्तर देणे आम्हाला भाग आहे. हे वार्षिक घरात, मुलाबाळांसमोर वाचले जाते याची आम्हाला जाणीव आहे. काही वाचक नाराज होतील. त्यांनी नाराज व्हावे, पण पान उलटू नये.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने आमच्या सहकारी बाईंना मधल्या सुट्टीत काही सांगितले. काय सांगितले ते इथे लिहीत नाही. माणूस ओळखीतला होता, बहुतेक वेळा असतोच. शाळेत आधी चर्चा झाली ती 'शाळेचे नाव येईल का' याची! २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे तेव्हा स्टाफरूममध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. बी.एड.ला आम्ही पाठाच्या टाचणांच्या वह्या भरल्या, बालमानसशास्त्राचा पेपर दिला. पण मूल असे काही सांगू लागले तर काय करायचे, यावर एक तासही झाला नाही.

मुलीची आई घाबरून गेली होती. तिने घरी पहिली गोष्ट काय केली? मुलीला आंघोळ घातली आणि कपडे धुऊन वाळत टाकले. आपल्या घरात दुसरे काय होणार? नापाकी धुऊन काढायची, गुस्ल करायचे, हे आपल्या हाडात आहे. त्या आईला दोष देणाऱ्याची जीभ झडो. पण तिला हे सांगणारे कोणी नव्हते की, कपडे न धुता, सावलीत सुकवून कागदी पिशवीत ठेवायचे असतात, प्लास्टिकच्या नव्हे. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात आणि प्रत्येक तासागणिक पुरावा कमी होत जातो. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. आंघोळ झाली म्हणून सारे संपले असेही नाही. तरीही दवाखाना गाठायचाच, कारण तपासणी फक्त कोर्टासाठी नसते. मुलीच्या उपचारासाठीही असते.

दवाखान्यात आम्हाला ऐकवण्यात आले, "आधी एफआयआर आणा." हे साफ चूक होते. पॉक्सोच्या कलम २७ प्रमाणे गुन्हा नोंदलेला नसला तरी मुलाची तपासणी करता येते. मुलगी असेल तर ती स्त्री डॉक्टरनेच करायची असते, आणि आई-वडील किंवा मुलीचा भरवसा असलेले माणूस हजर हवे. उपचार तर सरकारी असो की खासगी, प्रत्येक इस्पितळाने ताबडतोब आणि फुकट द्यायचे आहेत. २०१३ मध्ये हे कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ते कायम आहे. उपचार नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. हे कलम आम्ही तेव्हा तोंडावर फेकू शकलो असतो. पण माहीत नसलेले कलम फेकता येत नाही.

मग आला कागद. संमतीचा. इंग्रजीत. आईला उर्दू वाचता येत होते, बस्स. तिने आमच्याकडे पाहिले, "टीचर, ये कागद में क्या लिखेले है?" आम्ही व्हरांड्यात उभे राहून एकेक ओळ उर्दूत सांगू लागलो. नमुना जुना होता, कधीकाळी गठ्ठ्याने छापलेला. खाली एक रकाना होता, मुलीला शरीरसंबंधाची 'सवय' आहे काय, असा. तेरा वर्षांच्या पोरीबद्दल! आयुष्यभर भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हाला ती ओळ आईला उर्दूत सांगता आली नाही. आम्ही ती गाळली.

आणखी एक गोष्ट आम्हाला नंतर कळली, आणि तिची शरम आजही वाटते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांप्रमाणे बारा वर्षांवरील मुलीची संमती तिची तिने द्यायची असते, तिला समजेल अशा भाषेत सारे सांगून. उपचार हवेत पण पुराव्याचे नमुने नकोत, असेही ती म्हणू शकते, आणि तेवढ्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. त्या दिवशी पोलीस, नर्स, आई आणि आम्ही, चौघे तिच्या डोक्यावरून बोलत होतो. तिला कोणी काही विचारले नाही. आम्हीही नाही.

हा 'सवय' शब्द आकाशातून पडलेला नाही. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत, एका कोवळ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या नावाने तो खटला जगभर ओळखला जातो. आम्ही इथे तिचे नाव लिहीत नाही. निकालाचे नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला संबंधांची सवय होती असे धरून पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले, कारण काय तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या! चौकीत, रात्री, वर्दीतल्या माणसांपुढे पोरगी ओरबाडली-झगडली नाही म्हणजे ती राजी होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. १९७८ साली हैदराबादेत नल्लाकुंटा पोलीस ठाण्यात एका मुसलमान बाईवर तेच गुदरले, तिचा नवरा मारला गेला. न्या. मुक्तदर आयोगापुढे तिलाच बदचलन ठरवण्याचा खटाटोप झाला. आयोगाने पोलिसांना दोषी म्हटले. पुढे कोर्टात ते सुटले.

दोन बोटांची ती कुप्रसिद्ध तपासणी याच विचारातून जन्मली. बाईच्या शरीरात बोटे घालून ती 'सवयीची' आहे का हे ठरवायचे! यात शास्त्र औषधापुरतेही नाही. तो पडदा प्रत्येकीत निराळा असतो. त्याच्या अवस्थेवरून कालचा अत्याचार कळत नाही आणि चारित्र्य तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये असल्या कौमार्यचाचण्या बंद कराव्यात असे सांगितले. आपल्याकडे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांतली अनागोंदी कागदोपत्री मांडली, आणि त्या आधारे हा प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला. २०१३ मध्ये लिल्लू खटल्यात न्या. बी. एस. चौहान आणि न्या. इब्राहिम कलिफुल्ला यांनी ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे ठरवले. तरी ती चालूच राहिली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, जो कोणी ही तपासणी करील तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

आता त्या भल्या लोकांकडे वळतो. तपासणीने इज्जत दुसऱ्यांदा जाते, असे तुम्ही म्हणता. जुन्या पद्धतीबद्दल तुमचे बोलणे खरे आहे, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. पण त्यावरून तुम्ही काय ठरवता? की पोरीला घरात कोंडा, जमातीत चार माणसे बसवा, त्या हरामखोराकडून माफी आणि काही हजार रुपये घ्या, आणि मुलीला खालाकडे दुसऱ्या गावी पाठवा. डॉक्टरने जो रकाना भरायचा नाही, तोच तुम्ही मोहल्ल्यात भरता! 'पहिल्यासारखी राहिली नाही' हे तुमचे वाक्य आणि 'सवय आहे' हे जुन्या नमुन्यातले वाक्य, दोघांत फरक तो काय? जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्या माथी गुनाह नाही, हे कोणत्याही आलिमाला विचारा. मग स्थळ मोडते ते कोणत्या किताबाच्या आधाराने?

आणि 'मेडिकलमध्ये काही निघाले नाही, म्हणजे काही झालेच नाही' हे दुसरे वाक्य. तेही सोडा. धमकावलेले, भुलवलेले, ओळखीच्या माणसापुढे थिजलेले मूल जखमा दाखवीत नाही. डॉक्टरने 'जखम आढळली नाही' असे लिहिले तर त्याचा अर्थ तेवढाच असतो. उशीर झाला, आंघोळ झाली, अशी कारणेही त्याने नोंदवायची असतात. अत्याचार झाला की नाही, हे ठरवणे कोर्टाचे काम आहे. डॉक्टरचे नाही, आणि मशिदीच्या पायरीवर बसलेल्या मंडळींचे तर नाहीच.

आमची मागणी मोठी नाही. ज्या जिल्ह्यात उर्दू शाळा आहेत, त्या जिल्ह्याच्या इस्पितळात संमतीचा कागद मराठी आणि उर्दूत ठेवा. जुने गठ्ठे जाळा. हे आम्ही लेखी दिले, दोनदा. उत्तर आलेले नाही. मग आम्हीच २०१४ च्या सूचना समोर ठेवून तो उर्दूत उतरवला, दोन पाने झाली. 'तुला नको असेल तर तू कुठल्याही क्षणी थांब म्हणू शकतेस' ही ओळ आम्ही सर्वांत वर घेतली. सहकारी बाईंनी ती सातवीच्या एका मुलीकडून वाचून घेतली, अडखळते का ते पाहायला. दोन शब्दांवर अडखळली. ते बदलले. झेरॉक्स शाळेच्या कपाटात आहेत, किल्ली आमच्याकडे असते.