विद्यापीठ निवडताना

सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतून एक घालमेल सुरू होते. मुलीला संगणक अभियांत्रिकीच हवी असते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जागा मिळण्यासारखी असते आणि त्याच वेळी पुण्यालगतच्या एखाद्या खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर येऊन पडलेले असते. एकीकडे 1989 साली स्थापन झालेले, रायगड जिल्ह्यातील ग्रामीण परिसरातले सार्वजनिक विद्यापीठ. दुसरीकडे काचेची इमारत आणि पहिल्याच पानावर सर्वोच्च वेतनाचा आकडा. ‘पुण्यात शिकते’ हे नातेवाइकांना सांगण्यातले समाधानही वडिलांच्या मनात डोकावत असतेच.

या घालमेलीत एक गोष्ट हमखास निसटते. महाराष्ट्र शासनाने जुलै 2024 मध्ये मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाविषयी महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ मिळतो. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि खासगी अभिमत विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. माहितीपत्रकात ही ओळ अर्थातच नसते. खुल्या प्रवर्गातील सामान्य नोकरदाराची मुलगीही आर्थिक दुर्बल घटकाच्या निकषात बसू शकते. पण दाखला वेळेवर काढलेला नसतो आणि मग कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब घरात मांडावा लागतो.

शुल्काचा प्रश्न सुटला तरी शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. वर्षाला 240 जागा असतील, तर चार वर्षांचे 960 विद्यार्थी आणि त्यांच्यासाठी 48 शिक्षक. विभागाच्या संकेतस्थळावरील नावे मोजायला दहा मिनिटे पुरतात. त्यांतील कायमस्वरूपी किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात, विद्यापीठांना तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेची पूर्वपरवानगी आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले होते. त्यामुळे राज्याच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठाच्या बाबतीत ही मोजणी पालकांनी स्वतःच केलेली बरी.

सार्वजनिक ते सारे उत्तम, असा भाबडा समज मात्र नको. रिक्त पदे हा राज्याच्या विद्यापीठांना जडलेला जुना आजार आहे आणि काही खासगी संस्थांनी ध्येयवेडे प्राध्यापक जमवले आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण वेतनाच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. एका विद्यार्थ्याला मिळालेले सर्वोच्च वेतन उरलेल्यांविषयी काहीच सांगत नाही. सर्वांचे वेतन ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा खरा बोलका. ‘एनआयआरएफ’ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी माहिती देतात, तिच्यात तो असतो.

‘परम’ महासंगणकाच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. 1965 साली नागपूरहून घेतलेली त्यांची पदवी संगणकशास्त्राची नव्हती. पुढे बडोदा आणि दिल्ली आयआयटी येथे शिक्षण घेऊन ते या क्षेत्रात पोहोचले. चार वर्षांत पाया भक्कम झाला, तर पुढची वाट लोणेऱ्याहूनही निघते. गणित, विदा संरचना, संगणक प्रणाली हे विषय मन लावून शिकवणारे कोण आहेत, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. त्यासाठी स्वागत समारंभाचा दिवस टाळून एखाद्या साध्या मंगळवारी मुलीला घेऊन दोन्ही ठिकाणी जावे. सायंकाळी पाचनंतर प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, तेही पाहून घ्यावे.