गोष्टीची शाळा : आधी पऱ्हे, मग कापणी



मोबाईलवरच्या खेळांच्या स्पर्धेवर गोष्ट लिहायची म्हटली, की पुष्कळांची गाडी एकाच रुळावरून धावते. नायक स्पर्धेत उतरतो. समोर कसलेला खेळाडू. नायक हरत चाललेला. आणि शेवटच्या मिनिटाला ‘अचानक त्याच्या बोटांत वीज संचारली’! झालं, नायक जिंकला, गोष्ट संपली. लिहिणारा खूश, पण वाचणारा मात्र जांभई देतो. असं का होतं बरं?

याचं उत्तर आपल्याला गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडची शेतं देतात. हा सगळा धानाचा मुलूख. पावसाळा लागला, की तिथले शेतकरी शेताच्या एका कोपऱ्यात दाट पेरणी करतात. त्यातून उगवलेल्या कोवळ्या रोपांना म्हणतात पऱ्हे. तीन-चार आठवड्यांनी तेच पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांधीत ओळीनं लावायचे. ही झाली रोवणी. मग दिवाळीच्या आगेमागे कापणी. आता मला सांगा, पऱ्हेच टाकले नाहीत तर विळा घेऊन कापणार काय?

गोष्टीचंही अगदी तसंच आहे. शेवटी जे कामाला येणार, ते सुरुवातीला कोपऱ्यात दिसलं पाहिजे. मधे एकदा जागा बदलून पुन्हा दिसलं पाहिजे. मगच कापणी.

‘लगान’ हा आशुतोष गोवारीकरांचा 2001 सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला कचरा आठवतो? त्याचा एक हात अधू. त्या हातानं तो चेंडू फेकतो आणि चेंडू भलताच वळतो. हे झाले पऱ्हे. सामन्यात त्याच्या हाती चेंडू येतो, तेव्हा मात्र तो वळतच नाही, कारण चेंडू अजून नवा आहे. ही रोवणी. चेंडू जुना होतो, वळू लागतो आणि लागोपाठ तीन गडी बाद होतात. कापणी! मधली फजिती गाळून पाहा, शेवटची मजा निम्मी होते की नाही?

आता तुम्ही म्हणाल, ‘अहो, क्रिकेटचे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. व्हिडिओ गेमचं काय?’ बरोबर! खरी मेख तिथंच आहे.

एक खरी घडलेली गोष्ट ऐका. 2004 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ‘इव्हो’ नावाची स्पर्धा झाली. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक’. एकीकडे जपानचा दाइगो उमेहारा, दुसरीकडे अमेरिकेचा जस्टिन वाँग. जस्टिननं एकामागून एक पंधरा फटके मारले. दाइगोनं ते सगळे परतवले, उलट हल्ला केला आणि डाव जिंकला. प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

वाचून अंगावर काटा आला? नाही ना? मग हे वाचा. पडद्यावर खेळाडूच्या जिवाची एक पट्टी असते. दाइगोची पट्टी जवळजवळ संपली होती. या खेळात मोठा हल्ला नुसता अडवला, तरी पट्टी थोडी झिजतेच. म्हणजे अडवलं तरी मरण! वाचायची वाट एकच. फटका लागणार त्या क्षणाला मागे सरायचं नाही, तर दांडी समोरच्याच्या दिशेनं ढकलायची. क्षण चुकला की खेळ खलास. आणि असं एकदा नव्हे, पंधरा वेळा!

आता आला ना काटा? घटना तीच, फक्त यावेळी नियम आधी कळला. त्या सभागृहातल्या लोकांना तो ठाऊकच होता, म्हणून ते ओरडले. तुमचा वाचक त्या सभागृहात बसलेला नसतो. त्याला तिथं नेऊन बसवायचं काम तुमचं.

आणि गंमत ऐका. ती स्पर्धा दाइगोनं जिंकलीच नाही! अंतिम सामन्यात तो केंजी ओबाताकडून हरला. तरी आजही लोक आठवण काढतात ती त्या पंधरा फटक्यांची. म्हणजे कापणी म्हणजे करंडक नव्हे. वाचक ज्याची वाट पाहत होता, ते त्याच्या पदरात पडणं, ही कापणी.

चला, आता आपणच एक गोष्ट रचू. खेळही आपलाच, डोंग्यांच्या शर्यतीचा. डावीकडे वल्हं, उजवीकडे ब्रेक. नियम एकच लक्षात ठेवा : शेवटच्या टप्प्यात नदीला पूर येतो आणि पुरात ब्रेक लागत नाही.

चामोर्शीजवळच्या एका खेड्यातली पायल. फोन बाबांचा. रोवणीच्या दिवसांत तो बांधीत पडला, तेव्हापासून काचेचा उजवा कोपरा बोट लावलं तरी दाद देत नाही. झाले पऱ्हे!

सरावात पायलचा डोंगा प्रत्येक वळणावर काठावर आदळतो. मामेभाऊ हसतो, ‘तुह्या डोंग्याले ब्रेकच नाही ना वं!’ पायल चिडते. पण फोन रात्री अर्धाच तास मिळतो, त्यात नवा कुठून येणार? मग ती वळणाच्या खूप आधीच वल्हं थांबवायला शिकते. काठाच्या रेतीला डोंगा हलकेच घासून वेग कमी करते. झाली रोवणी.

तालुक्याच्या स्पर्धेत पूर येतो. सवयीनं सगळ्यांची बोटं ब्रेकवर. धडाधड डोंगे आदळतात. पायलला ब्रेक कधी नव्हताच! इथं मी थांबतो. ती पहिली येते की दुसरी, हे तुम्ही ठरवा. मामेभावाच्या चिडवण्याला उत्तर मिळालं, आपलं धान घरी आलं.

पाहिलंत ना? जी अडचण होती, तीच कामाला आली. बोटांत वीज आणावी लागली नाही.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलानं खेळावरची गोष्ट दाखवली, तर ‘पुन्हा तोच मोबाईल!’ असं म्हणून वही मिटू नका. ‘या खेळाचा नियम मला समजावून सांग बघू,’ असं म्हणा. तुम्हाला कळला, तर वाचकालाही कळेल.

आणि दोस्तांनो, या आठवड्याचा अभ्यास : तुमच्या गोष्टीचा शेवट आधी लिहा. त्यात नायक ज्याच्या जोरावर तरला, त्याखाली रेघ ओढा. मग पहिल्या पानावर जाऊन ती गोष्ट सहज दिसेल न दिसेल अशी ठेवून या. मधे एकदा तिच्यापायी नायकाची फजिती करा. मग मित्राला वाचायला द्या. शेवटाला तो ‘अरेच्चा, हे तर आधीच सांगितलं होतं!’ म्हणाला, तर समजा, पीक आलं!